आठवीतील मुलीसाठी सरकारमान्य ऑनलाइन शाळा: मुंबईत राहून कोणता मार्ग धरावा?

लालबागची आई

नमस्कार. माझी मुलगी एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकते आणि येत्या जानेवारीत तिला १४ वर्षे पूर्ण होतील. सातवीच्या दुसऱ्या सत्रात तिला लहान मुलांचा संधिवात असल्याचे निदान झाले. हा आजार ज्यांनी घरात पाहिलेला नाही त्यांना कदाचित कल्पना येणार नाही, पण दुखण्यापेक्षाही सकाळचा आखडलेपणा तिला जास्त छळतो. ती साडेपाचला उठली तरी बोटे आणि गुडघे मोकळे व्हायला आठ वाजतात, आणि शाळा ७ वाजून १० मिनिटांनी भरते. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांमुळे त्यानंतरचा दिवस मळमळीत जातो. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. जूनपासून आजपर्यंत तिची हजेरी निम्म्यावर आली असून ‘असे चालणार नाही’ हे शाळेने आम्हाला दोनदा लेखी कळवले आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या नात्यातल्या एका ताई सांगत होत्या, की त्यांच्या राज्यात सरकारचीच ऑनलाइन शाळा आहे, ती मोफत आहे, आणि सहावीपासून बारावीपर्यंतची मुले घरी बसून तिथे रीतसर शिकतात. तेव्हापासून मी आपल्याकडे असे काही आहे का हे शोधते आहे, पण शोधायला गेले की खासगी संस्थांच्या जाहिरातीच समोर येतात आणि फोन नंबर दिला की दिवसातून चार फोन सुरू होतात.

माझे विचारणे असे, की सरकारी किंवा निदान सरकारमान्य अशी ऑनलाइन शाळा आपल्याकडे आहे का. असल्यास तिच्या प्रमाणपत्रावर मुंबईत अकरावीला प्रवेश मिळतो का. आणि ज्यांनी आपल्या मुलांना असे शिकवले त्यांना त्यात काय गमावले असे वाटते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कृपया गोड करून देऊ नका. आम्ही दोघेही नोकरी करतो. घरी सासूबाई असतात. त्या तिला वेळेवर जेवायला घालतील, औषध देतील, पण बीजगणित शिकवू शकणार नाहीत.

रात्रशाळेचा मास्तर

ताई, मी परळ भागातील एका रात्रशाळेत २६ वर्षे शिकवून निवृत्त झालो. दिवसाच्या शाळेत न बसता दहावी झालेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या नात्यातल्या ताई ज्या शाळेबद्दल सांगतात तिथे शिकवणे, हजेरीवर लक्ष ठेवणे आणि गृहपाठ तपासणे ही सगळी कामे एकाच छपराखाली होतात, मग ते छप्पर संगणकातले का असेना. आपल्याकडे ही कामे वेगवेगळ्या दारांशी वाटली गेली आहेत आणि पालकांचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. शिकण्याची सामग्री सरकारकडून भरपूर आणि फुकट मिळते: केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ हा मंच २०१७ पासून चालू आहे, बालभारतीच्या पुस्तकांवर छापलेले क्यूआर कोड त्याच मंचावर नेतात, पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेत, आणि २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम ई-विद्या’ योजनेत प्रत्येक इयत्तेसाठी स्वतंत्र दूरचित्रवाहिनी सुरू करण्यात आली. पण यांपैकी कोणीही आपल्या मुलीचे नाव पटावर घेत नाही, ती आज का बसली नाही असे विचारत नाही आणि तिला प्रमाणपत्रही देत नाही.

प्रमाणपत्र देणारी दारे वेगळी आहेत. त्यांपैकी सर्वांत जुने आणि देशभर मान्य असलेले दार म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस. १९७९ मध्ये सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून तिची सुरुवात झाली, १९८९ मध्ये ती स्वायत्त संस्था झाली, आणि आज ती केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील एक मंडळ आहे. तिचे दहावीचे प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचे धरले जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये याच संस्थेने थेट ऑनलाइन वर्ग घेणारे आभासी मुक्त विद्यालय सुरू केले. पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्ट २०२२ रोजी, दिल्ली सरकारने नववीपासूनची आभासी शाळा सुरू करून तिला देशातील पहिली म्हटले, तेव्हा पहिली शाळा आमचीच असे एनआयओएसने लगेच जाहीर केले. पहिले कोण हा वाद त्यांचा त्यांना लखलाभ. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की दिल्लीच्या त्या शाळेने प्रवेश देशभरातील मुलांना खुले ठेवले होते, परंतु ती दिल्लीच्या स्वतंत्र मंडळाशी जोडलेली होती. महाराष्ट्रातील मुलीने अशा ठिकाणी नाव घालण्यापूर्वी त्या वर्षीची प्रवेशसूचना आणि मंडळाची स्थिती ही दोन्ही नीट वाचलीच पाहिजेत.

आता आपल्या मुलीपुरते बोलतो. एनआयओएसच्या माध्यमिक, म्हणजे दहावीच्या, अभ्यासक्रमाला किमान वय १४ पूर्ण लागते. त्याहून लहान मुलांसाठी त्यांचे मुक्त मूलभूत शिक्षण आहे, त्याचे तीन स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष आहेत. आपल्या राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे आणि तिथे पाचवीला किमान १० व आठवीला किमान १३ वर्षे वय लागते. पण माझे स्पष्ट मत असे, की आपण यांपैकी कशाच्याही मागे लागू नये. आठवी जवळजवळ अर्धी झाली आहे. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या वयाच्या मुलीला शाळेत ठेवण्याची जबाबदारी शाळेवर आणि शासनावर टाकली आहे, तिला दाखला देऊन मोकळे करण्याची नव्हे. कसेही करून आठवी याच शाळेतून पूर्ण करा आणि दाखला तोवर काढू नका. एप्रिलमध्ये आठवी झाली की तिचे १४ पूर्ण झालेले असतील आणि तेव्हा सगळी दारे एकदम उघडतील.

त्यांतले आणखी एक दार म्हणजे आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. पाचवी उत्तीर्ण आणि १४ वर्षे पूर्ण असलेले मूल तो भरून बाहेरून दहावीला बसू शकते. प्रश्नपत्रिका नियमित मुलांचीच असते आणि संपर्क केंद्र म्हणून एखादी शाळा नेमून मिळते. माझ्या शाळेत असे फॉर्म भरून गेलेली कितीतरी मुले आज चांगल्या जागी आहेत. पण या मार्गाने शिकवणारे कोणी मिळत नाही हे लक्षात ठेवा. हा परीक्षेचा मार्ग आहे, शाळेचा नव्हे.

शेवटी एक साधी गोष्ट विचारतो. दुपारच्या सत्राची शाळा पाहिलीत का? आपण जे लिहिले आहे त्यावरून आपल्या मुलीचे भांडण शाळेशी नसून ७ वाजून १० मिनिटांशी आणि तिसऱ्या मजल्याशी आहे असे मला वाटते.

भांडुपचा बाबा

मास्तरांनी नियम सांगितले, मी अनुभव सांगतो. माझा मुलगा बुद्धिबळ खेळतो आणि स्पर्धांसाठी वर्षातले तीन-चार महिने बाहेर असतो. नववीत न जाता त्याने एनआयओएसमधून दहावी केली, नंतर शहरातल्याच एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेला प्रवेश घेतला आणि आता तो बारावीत आहे. म्हणजे मार्ग खरा आहे, फसवणूक नाही.

यातल्या चांगल्या गोष्टी आधी सांगतो. एनआयओएसमध्ये नववी नावाची पायरीच नाही, माध्यमिक हा एकच टप्पा आहे. किमान एक भाषा धरून पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात, नोंदणी पाच वर्षे टिकते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि परीक्षा एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. आजारी मुलीच्या दृष्टीने यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पाचही विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नाही. जो विषय सुटला तो सुटला, तो खात्यावर जमा राहतो. तुमच्या मुलीने पुढच्या वर्षी आठवी झाल्यावर नाव घातले, तर तिच्या वर्गमैत्रिणी दहावीची परीक्षा देतील तोपर्यंत तिला एप्रिल, ऑक्टोबर आणि पुन्हा एप्रिल असे तीन हंगाम मिळतील. दोन-दोन विषय करत गेली तरी वर्ष वाया जाणार नाही. एक मात्र सांभाळा: शेवटचा विषय त्या अखेरच्या एप्रिलवर ठेवू नका. आमच्या वेळी त्या हंगामाचा निकाल जूनमध्ये लागला, तोपर्यंत अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची धावपळ सुरू झाली होती आणि मी कागदपत्रांची फाइल काखेत धरून सायबर कॅफेत दोन दिवस काढले. आदल्या ऑक्टोबरमध्ये सगळे विषय सुटलेले असतील तर ही तारांबळ टळते.

आता तुम्ही विचारले तेच, न गोड करता. अभ्यासकेंद्रावर संपर्क वर्ग असतात असे कागदोपत्री लिहिलेले असते. आम्हाला जे केंद्र मिळाले तिथे पहिल्या रविवारी अकरा मुले होती, तिसऱ्या रविवारी मुलगा एकटाच होता आणि शिक्षकांनी त्याला प्रेमाने घरी पाठवले. शिक्षकांनी तपासायचा लेखी गृहपाठ असतो, त्याला एकूण गुणांपैकी २० टक्के वजन असते. आम्ही तो शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री जागून पूर्ण केला, आणि त्याबद्दल कोणी एका शब्दाने विचारले नाही. हेच खरे गमावणे होते. जुलै आणि ऑगस्ट असे दोन महिने मुलाने विज्ञानाचे पुस्तक उघडलेच नव्हते आणि ही गोष्ट जगात कोणालाही ठाऊक नव्हती. शाळेत असता तर आठव्या दिवशी वर्गशिक्षिकेने डायरीत लाल शेरा मारला असता. त्या लाल शेऱ्याला आम्ही पालक इतकी वर्षे नावे ठेवत आलो, पण त्याची किंमत मला तेव्हा कळली.

खासगी ‘ऑनलाइन शाळां’बद्दलही एक वाक्य. आम्ही चौकशी केलेल्या तीनही ठिकाणी शेवटी परीक्षा एनआयओएसचीच होती. म्हणजे आपण शाळा म्हणून जे शुल्क भरतो ते प्रत्यक्षात शिकवणीचे असते. शिकवणी चांगली असेल तर जरूर घ्यावी, पण तिला शाळा समजून घेऊ नये.

टँपाहून

ताई, आपल्या नात्यातल्या ताई बहुधा आमच्याच राज्यातल्या शाळेबद्दल बोलत असाव्यात, म्हणून लिहिते आहे. मी मूळची गिरगावची. गेली चौदा वर्षे फ्लोरिडात आहे. माझ्या मोठ्या मुलीने सातवी आणि आठवीतले काही विषय ‘फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल’मधून केले आहेत.

ही शाळा १९९७ मध्ये सुरू झाली. ती राज्याच्या पैशांवर चालते आणि राज्यातल्या मुलांना तिथे शुल्क पडत नाही. तिथे दोन प्रकारे शिकता येते: एक म्हणजे पूर्णवेळ, जिथे मूल तिथलेच विद्यार्थी असते, आणि दुसरे म्हणजे एकेक विषय घेऊन, जिथे मूल आपल्या नेहमीच्या शाळेत जात असताना किंवा घरी शिकत असताना एखादाच विषय ऑनलाइन करते. विषय सुरू केल्यावर पहिल्या २८ दिवसांत तो झेपत नाही असे वाटले तर प्रगतिपुस्तकावर डाग न लागता सोडता येतो. या सवलतीचा फायदा आम्ही स्पॅनिशच्या वेळी घेतला आहे.

भांडुपच्या बाबांनी लाल शेऱ्याबद्दल जे लिहिले ते वाचून मी जरा थांबले, कारण आमच्याकडे त्या शेऱ्याची जागा टेलिफोनने घेतली आहे. विषयाचे शिक्षक दर महिन्याला पालकांना फोन करतात. शिवाय प्रत्येक टप्प्याच्या शेवटी मुलाला शिक्षकांशी फोनवर तोंडी चर्चा करावी लागते, आणि ती झाल्याशिवाय पुढची चाचणी उघडत नाही. उत्तरे कोठून तरी उतरवून दिली असतील तर त्या पंधरा मिनिटांत सगळे उघडे पडते. माझ्या मुलीला त्या फोनची जेवढी भीती वाटे तेवढी वर्गातल्या परीक्षेचीही वाटत नसे. शिक्षक इतके मागे का लागतात याचे व्यवहारी कारणही आहे: या शाळेला राज्याकडून पैसे मिळतात ते मुलाने नाव घातले म्हणून नाही, तर त्याने विषय यशस्वीपणे पूर्ण केला म्हणून. मूल मध्येच गळाले तर शाळेचेच नुकसान. आणि घरबसल्या शिकलेल्या मुलांनाही राज्याच्या परीक्षा मात्र ठरवून दिलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊनच द्याव्या लागतात.

हे वाचून अमेरिकेतले सगळेच असे असते असे कृपया समजू नका. सरकारी पैशांवर पण खासगी व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या पूर्णवेळ ऑनलाइन शाळांचा स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका केंद्राने अभ्यास केला होता. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात तशाच पार्श्वभूमीच्या, साध्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या तुलनेत या मुलांची वर्षभरातली पिछाडी गणितात १८० दिवसांच्या शिकण्याइतकी आणि वाचनात ७२ दिवसांइतकी निघाली. तिथले शाळेचे वर्षच १८० दिवसांचे असते. म्हणजे गणितापुरते ते वर्ष झालेच नाही असे म्हणायला हरकत नाही.

आजारी मुलांसाठी दूरशिक्षणाची शाळा चालवणे ही सरकारचीच जबाबदारी आहे, असे मानणारे देश आहेत. न्यूझीलंडमध्ये दूरवरच्या वस्त्यांतल्या मुलांसाठी टपालाने शिकवणारी सरकारी शाळा १९२२ मध्ये निघाली आणि ती आज ऑनलाइन रूपात चालू आहे. फ्रान्समधली अशी राष्ट्रीय संस्था १९३९ ची, दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर काढलेली. आजारपणामुळे शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलांना शिक्षण खात्याच्या मंजुरीने ती मोफत शिकवते. आपल्याकडेही एनआयओएसच्या जोडीला मागे लागणारी माणसे नेमली तर असे काही उभे राहू शकेल असे मला वाटते, पण त्याची वाट पाहण्याइतका वेळ आपल्या मुलीकडे नाही.

म्हणून एक सुचवते. निर्णय घेण्यापूर्वी दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवडे घरातच शाळा भरवून पाहा. सकाळी नऊला सुरुवात, रोज चार तास, पुढच्या धड्यांवर, आणि दर रविवारी घराबाहेरच्या कोणीतरी तिला फोन करून पंधरा मिनिटे प्रश्न विचारायचे. घरातल्या माणसाने विचारून उपयोग होत नाही, कारण मुले आईला गुंडाळतात. कोणी मिळाले नाही तर मी करीन, तुमच्याकडे सकाळ असते तेव्हा आमच्याकडे रात्र असते आणि मी उशिरापर्यंत जागीच असते.

विशेष शिक्षिका, दादर

वरची सगळी माहिती उपयुक्त आहे, परंतु सर्वजण शाळा सोडल्यानंतरचे बोलत आहेत, म्हणून मी शाळा न सोडता काय मागता येते ते लिहिते. या विषयात मी बारा वर्षे काम करते आणि पालक हे टोक गाठण्याच्या आधी आमच्याकडे क्वचितच येतात.

संधिवातामुळे मुलीच्या हालचालीवर कायमस्वरूपी किंवा दीर्घकाळ मर्यादा आली असेल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील चलनवलनविषयक दिव्यांगत्वाखाली तिची सरकारी रुग्णालयात तपासणी होऊ शकते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाण निघाले तर लेखनिक, परीक्षेत वाढीव वेळ अशा सवलती हक्काने मिळतात; वाढीव वेळ तासाला किमान २० मिनिटे असावा असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. बोटे आखडणाऱ्या मुलीला तीन तासांच्या पेपरात ही मिनिटे किती लागतात हे तिलाच विचारा. प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली आले तरी खचून जाऊ नका, कारण वर्ग तळमजल्यावर आणणे, सकाळचा पहिला तास माफ करणे आणि वैद्यकीय कारणाची रजा स्वतंत्रपणे नोंदवणे या गोष्टी मुख्याध्यापक आपल्या अधिकारात करू शकतात, फक्त त्या तोंडी न मागता लेखी मागाव्या लागतात. अर्जाला डॉक्टरांचे पत्र जोडा, आणि त्या पत्रात ‘मुलगी आजारी आहे’ असे मोघम न लिहिता ‘सकाळी आठपर्यंत सांधे आखडलेले असतात, जिने चढणे टाळावे’ असे स्पष्ट लिहून घ्या. अर्ज आवकमध्ये देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. दोन लेखी पत्रे शाळेने तुम्हाला दिली आहेत. तुमच्याकडून एकही गेलेले नाही असे मला तुमच्या लिहिण्यावरून दिसते.

घरी येऊन शिकवण्याची तरतूदही शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आली, पण ती बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांसाठी आहे. आपल्या मुलीला ती लागू पडणार नाही आणि पडू नये, ही चांगलीच गोष्ट आहे.

एक मुद्दा मात्र मी वरच्या सर्वांपेक्षा वेगळा मांडते. करोनाच्या काळात मुंबईतल्या आठवी ते बारावीच्या शाळा मार्च २०२० पासून ४ ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंद होत्या. त्या दीड वर्षात माझ्याकडची काही मुले ऑनलाइन खुलली, विशेषतः ज्यांना वर्गात चिडवले जाई ती. आणि काही मुले अशी कोमेजली की शाळा उघडल्यावर त्यांना पुन्हा बोलते करायला आम्हाला वर्ष लागले. यात हुशारीचा काही संबंध नव्हता. तेव्हा मुलीला काय हवे आहे हे तुम्ही एकदाही लिहिलेले नाही, ते आधी विचारा.

लालबागची आई

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला अडीच महिने लागले, कारण सांगण्यासारखे काही हातात आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

दादरच्या बाईंनी विचारले त्याप्रमाणे मुलीला विचारले. ती म्हणाली, ‘मला मधली सुट्टी हवी आहे, बाकीचे घरी चालेल.’ यावर आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

लेखी अर्ज दिला, सोबत डॉक्टरांचे पत्र जोडले आणि शिक्का घेतला. आश्चर्य असे, की ज्या शाळेने दोन पत्रे पाठवली तिनेच दिवाळीनंतर आठवीची तुकडी तळमजल्यावर, चित्रकलेच्या वर्गात हलवली आणि पहिले दोन तास माफ केले. ती आता पावणेनऊला पोहोचते. बुडणाऱ्या दोन तासांपैकी एक गणिताचा असतो, हा त्यातला काटा आहे. मास्तर, दुपारच्या सत्राचीही चौकशी केली. आमच्या शाळेत दुपारी प्राथमिक विभाग भरतो, माध्यमिक नाही. जवळपासच्या दोन शाळांत माध्यमिक दुपारी आहे, त्यांतली एक मराठी माध्यमाची आहे आणि नववीसाठी जूनमध्ये या असे त्यांनी सांगितले आहे.

तीन आठवड्यांचा प्रयोगही केला. पहिला आठवडा उत्साहाचा होता. इतिहास आणि मराठीचे पुढचे धडे तिने वेळापत्रकाच्या आधीच संपवले. गणित मात्र दहाव्या दिवशी थांबले आणि ते थांबल्याचे मला रविवारच्या फोनपर्यंत कळले नाही, मी रोज संध्याकाळी विचारत होते तरी. टँपाच्या ताईंनी तिला घातांकांवर तीन प्रश्न विचारले आणि चौथा न विचारता ‘पुस्तक आण, आपण दोघी पाहू’ असे म्हणाल्या. तो फोन पंधरा मिनिटांऐवजी पन्नास मिनिटे चालला. ताई, तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते हे मला नंतर लक्षात आले.

आज ठरले आहे ते एवढेच, की आठवी याच शाळेत पूर्ण करायची, गणिताच्या बुडालेल्या तासासाठी इमारतीतल्याच एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीची आठवड्यातून तीन दिवस शिकवणी लावायची, आणि जूनमध्ये दुपारच्या शाळेत नववीला प्रवेश घ्यायचा. गोळ्या बदलून किंवा आजार वाढून तेही जमेनासे झाले तर एनआयओएसचा मार्ग उघडा आहे, आणि तोपर्यंत तिचे वय पूर्ण झालेले असेल.

भांडुपच्या बाबांना एक शंका विचारायची राहिली. माध्यमिकची पुस्तके मराठी माध्यमातूनही मिळतात असे कळले; तुमच्या मुलाने इंग्रजीतून केले की मराठीतून? विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांना केंद्रावर स्वतः उभे राहून प्रयोग करावे लागतात का, की काही भाग बसूनही करू देतात?

भांडुपचा बाबा

आम्ही इंग्रजीतून केले, त्यामुळे मराठी पुस्तकांबद्दल अनुभवाने बोलू शकत नाही. प्रात्यक्षिके एका दिवसात उरकली, केंद्र घरापासून दोन स्थानके दूर होते आणि टेबले उंच होती. स्टूल मागितले असते तर मिळाले असते असे वाटते, कारण परीक्षक सज्जन होते, पण तुम्ही ते अर्जातच आधी लिहून द्या.